निळ्या साक्याचा हिशेब

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम फेरोसायनाइडच्या पिवळसर द्रावणाचे दोन थेंब लोहाच्या क्षारात पडले की परीक्षानळीत गर्द निळा साका धरतो. तेच थेंब तांब्याच्या क्षारात टाकले तर साका चॉकलेटी होतो, जस्ताच्या क्षारात टाकले तर पांढरट. विद्यार्थी वहीत 'लोह आहे' किंवा 'तांबे आहे' असे नोंदवतो, अध्यापक सही करतात आणि नळी मोरीत रिकामी होते. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरेसे असते. मोरीत गेले ते नेमके काय होते, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. वास्तविक रसायनशास्त्राने या एका प्रश्नावर जवळजवळ तीनशे वर्षे खर्ची घातली आहेत आणि त्याचे उत्तर आज विजेच्या बॅटऱ्या, अणुदुर्घटनांवरील औषधे आणि देशोदेशींचे व्यापारी डावपेच यांच्याशी जाऊन भिडले आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्योटोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन आणि बर्कलीचे ओमर याघी या तिघांना विभागून देण्यात आले. धातूंचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून त्यांनी सच्छिद्र सांगाडे उभारले. त्यांना घोषणेत 'मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क' म्हटले आहे. वृत्तपत्रांनी ही बातमी छापली, वाळवंटातील हवेतून पाणी काढणाऱ्या पदार्थाचे कौतुक झाले आणि दोन दिवसांत विषय मागे पडला. या सांगाड्यांचे मूळ परीक्षानळीतील त्या निळ्या साक्यात आहे, ही गोष्ट मात्र कोणी फारशी सांगितली नाही.

हा साका ज्या कुळातला आहे त्याला जटिल संयुगे, किंवा इंग्रजी वळणाने कोऑर्डिनेशन संयुगे म्हणतात. मध्यभागी धातूचा आयन आणि त्याच्याभोवती ठराविक दिशांना बसलेले रेणू किंवा आयन, अशी त्यांची घडण असते. ही घडण झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये प्रथम मांडली, तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आत डोकावण्याची विद्या तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. केवळ रंग, विद्युतवहन आणि एका सूत्राचे किती वेगवेगळे पदार्थ मिळतात याची मोजदाद, एवढ्यावरून त्यांनी अणूंची रचना सांगितली आणि ती बरोबर ठरली. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एका संयुगात एकच धातू असेल तर प्रकरण सोपे असते. दोन निरनिराळे धातू एकाच चौकटीत शेजारी बसवायचे म्हटले की अडचणी सुरू होतात. येथे मिश्रधातूंशी गल्लत करू नये. पितळेत तांबे आणि जस्त कसेही मिसळलेले असतात. कोणता अणू कोठे बसला याला तेथे फारसे महत्त्व नाही. द्विधातू जटिल संयुगात प्रत्येक धातूची जागा ठरलेली असावी लागते आणि त्या जागेवरच पदार्थाचा रंग, चुंबकत्व आणि रासायनिक स्वभाव अवलंबून असतो. जागा चुकली तर तीच मूलद्रव्ये, तेच प्रमाण, पण पदार्थ वेगळा.

निळा साका ज्याला आपण प्रशियन ब्लू म्हणतो, तो अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये अपघाताने सापडला. डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर किरमिजी रंग तयार करीत होता. त्यासाठी त्याने वापरलेला पोटॅश प्राण्यांच्या अवशेषांपासून काढलेल्या तेलाने दूषित झालेला होता आणि लाल रंगाऐवजी निळा हाती आला. ही कृती काही वर्षे गुप्त ठेवण्यात आली. १७२४ मध्ये ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि युरोपातील चित्रकारांना स्वस्त, टिकाऊ निळा रंग मिळाला. हा रंग पुढे जपानपर्यंत गेला; होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात तोच आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली त्यांना 'ब्लू प्रिंट' हा शब्द परिचित असेल. तो नकाशाही याच संयुगाने निळा होत असे. ती पद्धत १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधली. म्हणजे पदार्थ वापरात पूर्ण रुळला, त्यावर उद्योग उभे राहिले, आणि त्याच्या आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात हे पुष्कळदा घडते.

आत काय आहे, याचा पहिला समाधानकारक नकाशा १९३६ मध्ये केगिन आणि माइल्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने काढला. घनाकृती चौकट, तिच्या कोपऱ्यांवर आलटूनपालटून दोन प्रकारचे लोह, आणि कोपऱ्याकोपऱ्यांना जोडणारे सायनाइडचे दांडे. एका प्रकारच्या लोहाने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, दुसऱ्याने तीन. येथे धातू एकच आहे, परंतु त्याची रूपे दोन आहेत. प्रकाश पडताच एका लोहावरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या लोहाकडे सरकतो आणि त्यात तांबड्या-नारिंगी रंगाचा प्रकाश शोषला जातो. म्हणून साका निळा दिसतो. एका प्रकारच्या लोहाच्या जागी तांबे, मँगनीज, कोबाल्ट किंवा निकेल बसवले की त्याच चौकटीची भावंडे तयार होतात. परीक्षानळीतील चॉकलेटी साका हा अशा भावंडांपैकी एक होय.

तथापि केगिन-माइल्स यांच्या नकाशात एक दोष राहून गेला होता. त्यांनी चूर्णावर काम केले होते. चांगले स्फटिक त्यांच्यापाशी नव्हते. हा साका इतक्या झटपट पडतो की स्फटिक वाढायला अवसरच मिळत नाही. १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथील लुडी आणि त्यांचे सहकारी यांनी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातून अत्यंत सावकाश स्फटिक वाढवले आणि एकेका स्फटिकाचा अभ्यास केला. तेव्हा दिसले, की चौकट अखंड नाही. फेरोसायनाइडच्या दर चार जागांपैकी एक जागा चक्क रिकामी आहे आणि त्या पोकळीत पाणी शिरून बसलेले आहे. विद्युतभाराचा हिशेब जुळण्यासाठी हे आवश्यकच होते. चार फेरिक आयनांना तीनच फेरोसायनाइड पुरतात. हे सूत्र पाठ्यपुस्तकात कित्येक वर्षे छापलेले होते, परंतु त्याचा अर्थ चौकटीत भोके आहेत असा होतो, हे दाखवून द्यावे लागले. हा शोध कोणत्याही कारखान्याच्या मागणीवरून लागला नव्हता, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवणे इष्ट. पुढे तिचा संबंध येणार आहे.

रॉब्सन यांची कथा विशेषतः अध्यापकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लाकडी गोळे आणि दांडे यांच्या प्रतिकृती हव्या होत्या. गोळ्यांना भोके कोठे पाडायची, ते रॉब्सन यांनी कार्यशाळेतील कारागिरांना नेमके आखून दिले. प्रतिकृती जोडताना त्यांच्या ध्यानात आले, की भोकांच्या जागा ठरल्या की बाकीची रचना आपोआप ठरते. मग खऱ्या अणूंनाही हेच का लागू नसावे? तांब्याचा आयन चार दिशांना हात पसरतो. त्याला चार टोकांचा रेणू दिला तर हिऱ्यासारखी चौकट उभी राहावी. हा विचार प्रत्यक्षात यायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. १९८९ आणि १९९० मध्ये होस्किन्स आणि रॉब्सन यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत तांबे आणि जस्त यांना सायनाइडने जोडून केलेली हिऱ्याच्या घडणीची चौकट होती. दोन धातू, दोघांच्याही चार-चार दिशा, आणि मधल्या पोकळीत एक सेंद्रिय आयन. योजना आधी आणि पदार्थ नंतर, असा क्रम येथे लागला. बर्लिनच्या कारागिराच्या बाबतीत तो उलटा होता.

योजनेनुसार पदार्थ घडवणे म्हणजे काय, याचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र पॅरिसमधले आहे. प्रशियन ब्लू चुंबक होतो, पण केव्हा? तर निरपेक्ष शून्यावर केवळ ५.६ अंश केल्विन एवढ्या थंडीत. मिशेल वेर्डागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न केला, की चौकट तीच ठेवून धातू बदलले तर साध्या खोलीच्या तापमानाला टिकणारा चुंबक मिळेल काय? कोणत्या धातूतील एकाकी इलेक्ट्रॉन सायनाइडच्या दांड्यातून शेजाऱ्याशी अधिक घट्ट संवाद साधतील, याचा त्यांनी कागदावर विचार केला. एका टोकाला क्रोमियम ठेवायचे आणि दुसऱ्या टोकाला आवर्तसारणीत डावीकडचा धातू घ्यायचा, असे उत्तर आले. १९९३ मध्ये दोन्ही टोकांना क्रोमियम असलेला पदार्थ २४० अंश केल्विनपर्यंत चुंबक राहिला. १९९५ मध्ये व्हॅनेडियम आणि क्रोमियम यांच्या जोडीने ३१५ अंश गाठले. म्हणजे ४२ अंश सेल्सियस. पॅरिसमध्ये हा पदार्थ बारमाही चुंबक राहील. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी त्याचे चुंबकत्व गळून पडेल! विनोद सोडून दिला तरी, आधी तर्क करून आवर्तसारणीतून दोन धातू निवडावेत आणि निसर्गाने त्याला होकार द्यावा, असा प्रसंग रसायनशास्त्रात फार वेळा येत नाही.

अशा घडणीत कृतीचा क्रम हेच कौशल्य असते. दोन्ही धातू आणि सायनाइड एकाच भांड्यात ओतले, तर कोण कोठे बसेल यावर कोणाचाही ताबा राहत नाही. म्हणून आधी एका धातूभोवती सहा सायनाइड घट्ट बसवून घेतात. क्रोमियम त्या बाबतीत मोठा स्थिर वृत्तीचा. एकदा धरलेला हात तो सहजी सोडत नाही. मग हा तयार घटक दुसऱ्या धातूच्या द्रावणात सोडायचा, म्हणजे सायनाइडची बाहेरची टोके त्या धातूला पकडतात. इमारतीत आधी तुळया आणि मग जोडण्या, असाच हा प्रकार.

घडवणे एक, आणि जे घडले ते सिद्ध करणे दुसरे. सर्वसाधारण वाचकाला या दुसऱ्या भागाची कल्पना नसते आणि, स्पष्टच सांगायचे तर, आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांनाही ती नसते. क्ष-किरण हे अणूतील इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. मँगनीजमध्ये २५ इलेक्ट्रॉन, लोहात २६, कोबाल्टमध्ये २७. क्ष-किरणांच्या दृष्टीने हे तिघे जवळजवळ जुळे भाऊ आहेत. एखाद्या संशोधकाने लोह आणि कोबाल्ट यांचे द्विधातू संयुग केल्याचा दावा केला आणि स्फटिकाचा सुबक नकाशा जोडला, तरी त्या नकाशावरून लोह येथे आणि कोबाल्ट तेथे असे म्हणता येईलच असे नाही. नकाशात अणूंना नावे देतो तो संशोधक. दोन्ही धातू दोन्ही जागांवर सारखेच विखुरलेले असतील तरी चित्र तेवढेच सुंदर येते.

मग दुसरे साक्षीदार बोलवावे लागतात. न्यूट्रॉन हे अणुगर्भावरून विखुरतात आणि त्यांना मँगनीज व लोह अगदी परके दिसतात. मॉसबाउअर पद्धतीत लोहाच्या एका समस्थानिकाचा गर्भ गॅमा किरणांना कसा प्रतिसाद देतो ते पाहतात. लोहाने किती इलेक्ट्रॉन दिले आहेत ते त्यावरून कळते. फेरीसायनाइड आणि फेरस क्षार यांपासून मिळणारा 'टर्नबुल ब्लू' हा प्रशियन ब्लूहून वेगळा नाही, तोच आहे, हे या पद्धतीने निश्चित होऊन अर्धशतक उलटले. तरीही बाजारातील मार्गदर्शकांत या दोहोंची दोन निराळी सूत्रे अजून छापली जातात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. याखेरीज क्ष-किरणांच्या शोषणावरून एकेका मूलद्रव्याचा परिसर तपासता येतो, चुंबकत्वाची मोजणी असते, मूलद्रव्यांचे प्रमाण असते. सगळ्या साक्षी जुळल्या तरच निकाल द्यायचा.

साक्षीत एक दुवा राहिला तर काय होते, ते निसर्गातल्याच एका द्विधातू संयुगाने दाखवून दिले आहे. भुईमूग किंवा तूर उपटली की मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींतील जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. कारखान्यात हेच काम करण्यासाठी प्रचंड दाब आणि चारशे-पाचशे अंश तापमान लागते. जिवाणूंच्या एंझाइमात सात लोह, एक मॉलिब्डेनम आणि नऊ गंधक यांचा एक पुंजका असतो. १९९२ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा पुंजक्याचे पोट रिकामे दाखवले होते. २००२ मध्ये अधिक स्पष्ट नकाशा मिळाला आणि पोटात एक हलका अणू बसलेला दिसला. तो नायट्रोजन, ऑक्सिजन की कार्बन, यावर नऊ वर्षे वाद चालला; २०११ मध्ये तो कार्बन असल्याचे दोन स्वतंत्र मार्गांनी सिद्ध झाले. ज्यांनी मधल्या काळात रिकाम्या पोटाची नक्कल करण्याचे प्रयत्न केले, त्यांचे श्रम कोठे गेले असतील याची कल्पना करावी.

प्रशियन ब्लूच्या चौकटीतील पोकळी माणसाचे प्राण वाचवू शकते, हेही आता अनुभवाने सिद्ध झाले आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या रुग्णालयातून किरणोपचाराचे यंत्र भंगारात गेले. त्यातील सीझियम १३७ ची भुकटी अंधारात निळसर चमकत होती. लोकांनी ती कुतूहलाने घरोघर वाटली. लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांना किरणोत्सर्गी द्रव्याची बाधा झालेली आढळली आणि चौघे मृत्युमुखी पडले. ४६ रुग्णांना प्रशियन ब्लू पोटातून देण्यात आला. सीझियमचा आयन त्या चौकटीच्या पोकळीत अडकतो, आतड्यातून पुन्हा रक्तात जात नाही आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. शरीरातील सीझियम निम्मे व्हायला एरवी सुमारे ११० दिवस लागतात. या औषधाने ते सुमारे ३० दिवसांवर येते. चेर्नोबिलनंतर नॉर्वेसारख्या देशांत जनावरांच्या खाद्यात ते मिसळले गेले. अमेरिकेत या औषधाला २००३ मध्ये मान्यता मिळाली. भारतात संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतील 'इन्मास' या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या औषधाला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची संमती मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. अर्थात हे औषध सर्व किरणोत्सर्गी द्रव्यांवर चालत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगारबाजारात जी दुर्घटना घडली आणि एकाचा बळी गेला, ती कोबाल्ट ६० ची होती. तेथे प्रशियन ब्लूचा उपयोग नव्हता.

सायनाइड हा शब्द ऐकला की सामान्य माणूस दचकतो, तेव्हा एक खुलासा करणे जरूर आहे. फेरोसायनाइडमध्ये सायनाइड लोहाला इतके घट्ट धरलेले असते की त्याचे विष प्रकट होत नाही. २०१९ मध्ये खाण्याच्या मिठात हे द्रव्य असल्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. मीठ सुटे राहावे म्हणून किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत ते घालण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मुभा आहे आणि त्या प्रमाणात ते निर्धोक आहे. मात्र तीव्र आम्ल किंवा अतिशय उष्णता मिळाली तर सायनाइड सुटू शकते. म्हणून हेच द्रव्य टनावारी वापरणाऱ्या कारखान्यांनी निष्काळजी राहून चालणार नाही.

आणि टनावारी वापराची वेळ आता आली आहे. लिथियमच्या बॅटऱ्यांवर मोटारी, भ्रमणध्वनी आणि विजेचे साठे अवलंबून आहेत. लिथियम मोजक्या देशांत सापडते आणि त्याच्यावरील प्रक्रियेत चीनचे वर्चस्व आहे. भारत त्यासाठी परावलंबी आहे. २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन साठ्याचा अंदाज जाहीर झाला तेव्हा जणू खजिना सापडला, असा जल्लोष झाला. लिलावाला मात्र पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. सोडियमचे तसे नाही. ते मिठात आहे, आणि मिठागरे आपल्याला परकी नाहीत. प्रशियन ब्लूच्या चौकटीत पोटॅशियमऐवजी सोडियम भरले तर ती पांढरी पडते. या 'प्रशियन व्हाइट'मधून सोडियमचे आयन सहज ये-जा करू शकतात. लोह, मँगनीज, कार्बन, नायट्रोजन, सोडियम. यांपैकी एकही दुर्मिळ नाही. ना कोबाल्ट, ना निकेल. २०१२ मध्ये टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या गटाने या पदार्थांची शक्यता दाखवली आणि जुलै २०२१ मध्ये चीनच्या सीएटीएल कंपनीने किलोमागे १६० वॉट-तास देणारी सोडियम बॅटरी जाहीर केली. तिच्यात प्रशियन व्हाइटचा वापर होता.

येथे बर्नमधील तो रिकाम्या जागांचा शोध परत येऊन उभा राहतो. चौकटीत जेवढ्या जागा रिकाम्या, तेवढी सोडियम साठवण्याची शक्ती कमी. रिकाम्या जागेत पाणी शिरते, ते बॅटरीतील द्रवाशी झगडते आणि बॅटरीचे आयुष्य घटवते. त्यामुळे सगळी कसोटी एका गोष्टीवर येऊन ठेपते: साका सावकाश पाडून भोके कमी करायची, पाणी तापवून काढायचे आणि पुन्हा हवेतील ओल लागू द्यायची नाही. कोकणच्या पावसाळ्यात हे काम कसे करायचे, हा प्रश्न अभियंत्यांनी आधीच विचारात घेतलेला बरा. १९७७ मध्ये ज्यांनी हे काम केले, त्यांच्यासमोर सोडियम बॅटरीची बाजारपेठ नव्हती. परंतु आज कारखान्याच्या नफ्यातोट्याचा आकडा त्यांनी मोजलेल्या भोकांवर अवलंबून आहे.

बाजार या पदार्थांना सरळ मार्गाने स्वीकारील, असेही समजू नये. २०२२ च्या अखेरीस शिखराला पोहोचलेले लिथियमचे भाव पुढे कोसळले आणि सोडियमची स्वस्ताई फिकी पडली. प्रशियन ब्लूवर सर्वस्व लावणारी अमेरिकेची नॅट्रॉन ही कंपनी २०२४ मध्ये मिशिगनमध्ये उत्पादन सुरू करून आणि नव्या मोठ्या कारखान्याची घोषणा करून सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशियन व्हाइटची बॅटरी दाखवली. मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरी पत्करली. सीएटीएलने मात्र सोडियमचा नाद सोडलेला नाही. ज्याच्यापाशी तोटा सोसण्याची ताकद आहे तोच अशा शर्यतीत टिकतो, असे यावरून दिसते.

आपल्याकडे रिलायन्सने ब्रिटनची फॅराडियन ही सोडियम बॅटरीची कंपनी विकत घेण्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये केला. तिचा भर थरदार ऑक्साइडांवर आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या संशोधनानंतर डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले. दहा वर्षे हा आकडा येथे महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने संशोधन व नवप्रवर्तनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीचा प्रारंभ केला. दीर्घ मुदतीची, अल्प व्याजाची किंवा बिनव्याजी कर्जे त्यातून दिली जाणार आहेत. तंत्रज्ञानाच्या तयारीच्या नऊ पायऱ्या मानल्या जातात आणि हा निधी चौथ्या पायरीपासून पुढे आहे. उद्योगांना त्याची गरज होती, यात शंका नाही. पण स्फटिकातील रिकाम्या जागा मोजणारा संशोधक पहिल्या पायरीवरच उभा असतो. त्याच्यासाठी २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटींपैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून यावेत, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. ज्या देशात संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा आधीच तोकडा आहे, तेथे ही अपेक्षा धाडसाची म्हणावी लागेल.

साधनेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तुर्भ्याची 'ध्रुव' अणुभट्टी १९८५ पासून न्यूट्रॉन पुरवीत आली आहे. इंदूरच्या 'इंडस-२' मध्ये क्ष-किरण शोषणाच्या मोजणीची सोय आहे आणि ती विद्यापीठांना खुली आहे. बुद्धीचा तर प्रश्नच नाही. कलकत्त्यात प्रियदारंजन राय आणि दत्त यांनी १९४३ मध्ये जटिल संयुगातील पाकळ्या कशा वळतात याचा जो मार्ग सुचवला, तो 'रे-दत्त ट्विस्ट' या नावाने जगभरच्या पुस्तकांत आहे. अडचण मधल्या टप्प्यावर आहे. जिल्ह्याच्या गावी पीएच.डी. करणारा विद्यार्थी संयुग तयार करतो, अवरक्त वर्णपट घेतो, रंग आणि वितळणबिंदू नोंदवतो आणि इंदूर किंवा तुर्भ्याला अर्ज करण्यापूर्वीच त्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपत येते. त्याचे मार्गदर्शक चार रिकाम्या पदांचे तास एकटे घेत असतात. प्रबंध सादर होतो, पदवी मिळते. त्या संयुगात दोन धातू ठरल्या जागी बसले होते की कसेही मिसळले होते, याची शहानिशा होत नाही. अशा प्रबंधावर नंतर कोणी बॅटरी उभारायला निघाला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

लाख कोटींच्या निधीतून यावर थेट उपाय होणार नाही. तो त्यासाठी नाहीच. प्रतिष्ठानाला मात्र तो करता येण्यासारखा आहे, आणि खर्चही डोळे दिपवणारा नाही. विद्यापीठांतील नमुने मोठ्या यंत्रांपर्यंत टपालाने जातील, सहा महिन्यांत मोजणी परत येईल आणि ती वाचायला शिकवणारा माणूस विभागात कायम नेमणुकीवर असेल, एवढी व्यवस्था लागते. यातील पहिल्या दोन गोष्टी दिल्लीच्या हातात आहेत. तिसरी राज्य सरकारच्या हातात आहे आणि ती अध्यापकभरतीच्या धारिकेत अडकलेली आहे.